हजार वॅटचे खोके, अडीच वॅटचा स्पीकर

लॅपटॉपला जोडायच्या स्वस्त स्पीकरच्या खोक्यावर ‘१००० वॅट पीएमपीओ’ असे ठळक छापलेले असले, की जोडी दमदार असणार असे गिऱ्हाईक धरून चालते. पण हा आकडा मोजण्याची सर्वमान्य रीतच नाही. वायरीतून किती वीज आत जाते, ते पाहावे. लॅपटॉपचे यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्टला अर्धा अँपिअर देते, म्हणजे अडीच वॅट. दोन्ही स्पीकर मिळून त्याहून जास्त ताकद सलग बाहेर टाकूच शकत नाहीत. जाणकार म्हणतील, आतला कपॅसिटर वीज साठवून ढोलाच्या थापेला जास्त जोर देतो. ते बरोबर आहे, पण तो जोर क्षणापुरता. नवी यूएसबी-सी पोर्टे जास्त वीज पुरवतात हेही खरे, तरी अर्ध्या अँपिअरसाठी बांधलेला स्पीकर ती ओढत नाही. म्हणून खोक्यावर ‘आरएमएस’, म्हणजे सलग ताकदीचा आकडा, शोधावा, आणि तोही आकडा अडीचच्या वर असेल तर वीज कुठून येते हे विचारावे.

अडीच वॅट म्हणजे कुचकामी, हा दुसऱ्या टोकाचा गैरसमज. ताकद दहापट केली तरी कानाला आवाज साधारण दुप्पटच वाटतो. एक वॅटला एक मीटरवर ८० डेसिबल देणारा छोटा स्पीकर धरा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल घटतात, म्हणजे ८ मीटरवर ६२ उरतात. आपले नेहमीचे बोलणे ६० च्या आसपास असते. धानोरा किंवा एटापल्लीच्या शाळेतल्या एका वर्गात गोंडी, माडिया गोष्ट ऐकवायला एवढे पुरते, आणि भिंतींमुळे बंद खोलीत आवाज याहून बरा टिकतो. वडशाच्या झाडीपट्टी नाटकाच्या मंडपात मात्र तो मागच्या रांगांपर्यंत पोचणार नाही. ढोलाचा खालचा घुमारही दोन-तीन इंची पडद्यातून नीट निघत नाही, कारण त्यासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते; वॅटचा आकडा कितीही मोठा छापला तरी ही अडचण सुटत नाही.

‘प्लग अँड प्ले’ म्हणजे कशालाही लावा, वाजेल, ही समजूत सगळ्यांत जास्त पैसे वाया घालवते. काही स्पीकरांना दोन पिना असतात: यूएसबी फक्त विजेसाठी, साडेतीन मिलिमीटरची आवाजासाठी. काहींना एकच यूएसबी असते आणि आवाजही तिच्यातूनच जातो. लॅपटॉपला दोन्ही चालतात. एकपिनी स्पीकरला लागणारे सॉफ्टवेअर विंडोज आणि लिनक्समध्ये बहुधा आधीच असते, त्यामुळे सीडी नको, इंटरनेटही नको. भामरागडसारख्या ठिकाणी, जिथे पर्लकोटा नदीच्या पुराने पावसाळ्यात अनेकदा संपर्क तुटला आहे, ही सोय मोलाची आहे. एमपीथ्री प्लेअरला मात्र एकपिनी स्पीकर चालत नाही. प्लेअरचे यूएसबी पोर्ट चार्जिंग आणि फाइलींसाठी असते; ते स्पीकरला वीजही देत नाही, आवाजही नाही. दोनपिनी स्पीकर घेतला तर गोल पिन प्लेअरला आणि यूएसबी पॉवर बँकेला लावता येते. फक्त काही पॉवर बँका फार कमी वीज ओढली जात असली की आपोआप बंद होतात, तेव्हा आधी तपासून घ्यावे.

स्पीकरने लॅपटॉपची बॅटरी लगेच संपते, ही भीतीही फुगवलेली आहे. ४० वॅट-तासांची बॅटरी १० वॅट खाणाऱ्या लॅपटॉपला चार तास पुरते. स्पीकर सतत कमाल अडीच वॅट ओढत राहिला तरी तीन तास बारा मिनिटे मिळतात, आणि साध्या बोलण्याच्या आवाजाला तो बराच कमी ओढतो. वीज गेलेल्या दिवशी वर्ग चालवायला एवढा वेळ पुष्कळ झाला. शाळेसाठी स्पीकर घेणाऱ्या शिक्षकांनी आपला लॅपटॉप आणि प्लेअर दोन्ही दुकानात सोबत न्यावेत, आणि दोन्हींवर वाजवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.