पायांची वळवळ आणि स्लीप स्टडी

अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांत आतून काहीतरी वळवळू लागतं, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून चार पावलं चाललं की बरं वाटतं, आडवं झालं की पुन्हा तेच. घरातले म्हणतात, दगदग झाली असेल, पाय दाबून घे. १९४५ मध्ये स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबॉम यांनी या विकाराला ‘रेस्टलेस लेग्ज’ हे नाव रूढ केलं. झोप उडवणारा आजार म्हणजे रात्रभर वायरी लावून स्लीप स्टडी करायलाच हवी, असं अनेकांना वाटतं. पण या आजाराचं निदान होतं ते रुग्णाचं नीट ऐकून घेतल्यानेच. पाय हलवण्याची अनावर ओढ, विश्रांतीत ती वाढणं, हालचालीने शमणं, संध्याकाळी-रात्री बळावणं आणि पोटरीत गोळा येणं, संधिवात किंवा सूज यांसारखं दुसरं कारण नसणं, या पाच गोष्टी जुळल्या की निदान झालं.

यावर कुणी म्हणेल, रुग्णाच्या सांगण्यावर कसं विसंबायचं? यंत्राचा पुरावा नको का? शंका रास्त आहे, पण ओढ ही जाणीव आहे आणि ती आलेखावर उमटत नाही. स्लीप स्टडीत नडगीच्या स्नायूवरच्या वायरी टिपतात ते झोपेत ठरावीक अंतराने बसणारे पायांचे झटके. या विकाराच्या बहुतेक रुग्णांत ते दिसतात हे खरं, पण ही तक्रार नसलेल्या अनेक वयस्करांतही दिसतात. त्यामुळे झटके दिसले म्हणून आजार ठरत नाही, आणि एका रात्री दिसले नाहीत म्हणून तो नाकारताही येत नाही. घोरणं, झोपेत श्वास अडकणं असा संशय असेल किंवा रुग्णाला नीट सांगता येत नसेल, तर मात्र ही तपासणी जरूर करावी.

त्याआधी करायची ती रक्ताची साधी तपासणी: फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन ठीक असूनही हा साठा कमी असू शकतो. एरवी नॉर्मल म्हणून सोडून दिला जाणारा आकडाही इथे अपुरा ठरतो. मोठ्यांमध्ये तो ७५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून कमी असेल तर लोह देण्याचा विचार करतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, हे पाहता आपल्याकडे ही तपासणी टाळणं मला अक्षम्य वाटतं. गर्भारपण, मूत्रपिंडाचा आजार, सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्या आणि नैराश्यावरची काही औषधं यांनीही त्रास वाढतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना त्रास कधी सुरू होतो, कशाने थांबतो हे लिहून न्या, चालू औषधांची यादी दाखवा आणि फेरिटिनबद्दल आवर्जून विचारा. लोहाच्या गोळ्या मात्र मनाने सुरू करू नका.