गझल, दुःख आणि आजार

मराठी गझलकार सुरेश भटांचा जन्म १९३२ सालचा, अमरावतीचा. लहानपणीच पोलिओने त्यांचा उजवा पाय अधू केला. त्यांच्या गझलांमधली वेदना अमरावती-अकोल्याच्या कित्येक रसिकांना तोंडपाठ आहे. त्यातूनच ‘मन मोडल्याशिवाय कवी होत नाही’ असा समज रुजतो. मला तो घातक वाटतो.

मनोविकारतज्ज्ञ नॅन्सी अँड्रियासन यांनी १९८७ साली अमेरिकेतल्या आयोवा इथल्या ३० लेखकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ८० टक्के लेखकांना कधी ना कधी नैराश्य किंवा उन्मादासारखा विकार होऊन गेला होता; तुलनेच्या गटात हे प्रमाण ३० टक्के. पण नमुना अगदीच लहान. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या सुमारे १२ लाख रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. सर्जनशील व्यवसायांत एकूण मनोविकार जास्त आढळले नाहीत, अपवाद बायपोलर विकाराचा, म्हणजे आलटून पालटून येणाऱ्या उन्माद-नैराश्याचा. लेखकांत मात्र नैराश्यही जास्त आणि आत्महत्याही.

म्हणजे संबंध आहे. आजारामुळे प्रतिभा येते, असं मात्र यातून सिद्ध होत नाही. नैराश्यात झोप, एकाग्रता, निर्णयशक्ती ढासळते. गझलेत तर वृत्त, काफिया (यमक), रदीफ (यमकानंतर पुन्हा पुन्हा येणारे शब्द) सगळं सांभाळावं लागतं. भटांनी नवोदितांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली ती हे नियम शिकवण्यासाठीच. थकलेल्या मेंदूला ही कसरत झेपत नाही. अँड्रियासन यांचे लेखकही मुख्यतः बरे असतानाच लिहीत. लेखणी बोथट होईल या भीतीने नैराश्यावरच्या गोळ्या टाळणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायलाच हवं. उदासी दोन आठवडे हटत नसेल, तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.