बंद पडलेले डिजिटल घड्याळ फेकण्याआधी

बहुतेक घरांत एक पत्र्याची पेटी असते आणि त्या पेटीच्या तळाशी एक बंद घड्याळ असते. काळा प्लास्टिकचा पट्टा, चौकोनी तोंड आणि आकड्यांच्या जागी नुसती राखाडी काच. ते चालत नाही, पण फेकवतही नाही. कारण ते घरातल्या कुणाच्या तरी मनगटावरचे असते.

आमच्या घरी असेच एक होते. कॅसिओ कंपनीचे एफ-९१डब्ल्यू. हे घड्याळ १९८९ साली बाजारात आले. आमचे मामा आखातात कामाला होते. १९९३ साली सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी ते वडिलांना आणून दिले. वडील कारखान्यात तीन पाळ्यांत काम करीत. पहिली पाळी असली की पहाटे पाचला ते घड्याळ पिप् पिप् करायचे आणि सगळे घर जागे व्हायचे. वडील गेले आणि घड्याळ पेटीत गेले.

२०२२ साली आमच्या मुलीने ते बाहेर काढले. बाजारातल्या एका दुकानदाराने नवा सेल घातला. काचेवर काहीच उमटले नाही. तो म्हणाला, "मशीन गेले. आता नवे घ्या." सेलचे पैसे मात्र त्याने घेतले. आम्ही खिन्न होऊन घरी आलो. चार दिवसांनी, जायचे ते गेलेच आहे तर निदान बघू तरी, म्हणून ते उघडले. अर्ध्या तासात घड्याळ सुरू झाले. मशीन गेलेच नव्हते. त्या अर्ध्या तासात जे कळले आणि पुढे शेजाऱ्यापाजाऱ्यांची घड्याळे उघडताना जे शिकलो, ते इथे सांगतो.

रोग ओळखा

मनगटावर बांधायची पहिली डिजिटल घड्याळे १९७२ साली अमेरिकेत विक्रीला आली. त्यांचे आकडे लाल दिव्यांचे होते. दिव्यांना वीज फार लागे, म्हणून बटण दाबले तरच वेळ दिसे. पुढे काचेवर काळे आकडे दाखवणारी पद्धत आली. तिला वीज इतकी कमी लागते की आकडे रात्रंदिवस दिसत राहतात. आपल्या घरांत आहेत ती बहुतेक याच पद्धतीची. एफ-९१डब्ल्यूचा सेल सुमारे सात वर्षे चालतो असे कंपनी सांगते. पण हे गणित दिवा आणि गजर जपून वापरण्याचे आहे. पोरे रात्री पांघरुणात दिवा लावून खेळत बसली, तर सात वर्षे पुरणार नाहीत.

सेल संपत आला की घड्याळ आधी खुणा देते. दिव्याचे बटण दाबताच आकडे पुसट होतात. गजराचा आवाज बारीक होतो. आकडे फिके पडतात. या खुणा दिसल्या तर सेल बदला. पण काचेवर शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरला असेल, तर काचच फुटली आहे. तिथे सेल बदलून उपयोग नाही.

सेल कोणता?

सेलवर आकडा लिहिलेला असतो. एफ-९१डब्ल्यूला सीआर २०१६ लागतो. या आकड्याला अर्थ आहे. पहिला वीस म्हणजे रुंदी २० मिलिमीटर, पुढचा सोळा म्हणजे जाडी १.६ मिलिमीटर. सीआर २०३२ तितकाच रुंद, पण जाडीला दुप्पट, ३.२ मिलिमीटर. "चालतो हो, दाबून बसवतो," असे कुणी म्हणाले तर बसवू देऊ नका. त्याने पत्री वाकते आणि झाकण नीट बसत नाही. दोन्ही सेल ३ व्होल्टचेच आहेत, पण जागा जाडीप्रमाणे केलेली असते.

काही जुन्या घड्याळांत दीड व्होल्टचे लहान सेल असतात. त्यांत चांदीच्या ऑक्साइडचे आणि साधे अल्कलाइन असे दोन प्रकार येतात. चांदीचा थोडा महाग, पण तो शेवटपर्यंत सारखी वीज देतो. अल्कलाइनची वीज हळूहळू उतरत जाते, आणि जुना झाला की तो पाझरतोही. घड्याळाला चांदीचाच घ्या.

उघडताना

पाट मांडून त्यावर पांढरे कापड अंथरा, म्हणजे खाली पडलेले बारीक स्क्रू दिसतात. मागच्या झाकणाचे चार स्क्रू बारीक स्क्रू ड्रायव्हरने काढा. झाकणाखाली रबराची बारीक रिंग असते. पाणी अडवते ती हीच. ती हरवू नका, पिळू नका.

आणखी एक वस्तू जपायची, ती म्हणजे केसाएवढ्या तारेची इवलीशी स्प्रिंग. झाकणाला आतून चिकटवलेल्या चकतीतून गजर वाजतो आणि त्या चकतीपर्यंत वीज पोचवते ती ही स्प्रिंग. सेल बदलल्यावर घड्याळ चालते पण आवाज गेला, असे अनेक जण सांगतात. बहुतेक वेळा ही स्प्रिंगच उडून कुठेतरी पडलेली असते.

जुना सेल कोणत्या बाजूने बसला होता ते बघून ठेवा. त्यावरची पत्री अलगद सोडवा. नवा सेल कोरड्या कापडात धरून बसवा. बोटाचा घाम आणि तेल त्याला लागू देऊ नका. आत हिरवट किंवा पांढरी बुरशी दिसली, तर तो पाझरलेल्या सेलचा मळ आहे. कापसाच्या काडीला थोडे स्पिरिट लावून तो पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

नवा सेल, तरी काच कोरी

इथेच आमचे घड्याळ अडले होते. आत धातूच्या पत्रीजवळ इंग्रजीत 'एसी' अशी दोन अक्षरे असतात. त्यांचा अर्थ 'सगळे पुसून टाका'. सेल बदलताना आतले छोटे यंत्र कधीकधी गोंधळते आणि मध्येच अडकून बसते. मग काच कोरी राहते किंवा भलतेच आकडे दिसतात. धातूच्या चिमट्याचे एक टोक 'एसी'च्या ठिपक्याला आणि दुसरे सेलच्या अधिक खुणेच्या बाजूला लावा. दोन सेकंद धरा आणि सोडा. यंत्र पहिल्यापासून सुरू होते.

दुकानदाराने एवढे एकच केले नव्हते. ते केले आणि वडिलांच्या घड्याळावर आकडे उमटले. मुलगी ओरडली, "आई, आजोबांचे घड्याळ लागले!"

एवढे करूनही काही आकड्यांचे तुकडे दिसत नसतील, तर काच आणि पाटी यांना जोडणारी रबराची पट्टी मळली असण्याचा संभव आहे. ते काम नाजूक आहे. हात स्थिर असलेल्या माणसाकडे द्या.

वेळ लावताना

एफ-९१डब्ल्यूला तीन बटणे. डावीकडे वर दिव्याचे, डावीकडे खाली पान बदलायचे आणि उजवीकडे एक. पान बदलायचे बटण एकदा दाबले की गजर, दोनदा दाबले की सेकंद मोजायचे घड्याळ, तीनदा दाबले की वेळ लावायची जागा येते. तिथे सेकंद लुकलुकतात. उजवे बटण दाबले की सेकंद शून्यावर येतात. हे मोबाइलमधली वेळ बघून करा. नंतर दिव्याचे बटण दाबत गेले की तास, मिनिटे, महिना, तारीख आणि वार एकामागून एक लुकलुकतात. उजव्या बटणाने आकडा पुढे न्या. शेवटी पान बदलायचे बटण दाबून बाहेर या.

नेहमीच्या तक्रारी तीनच. पहिली, "संध्याकाळी पाचला सतरा दाखवते." वेळेच्या पानावर उजवे बटण एकदा दाबा, बारा तासांची पद्धत परत येते. दुसरी, "गजर वाजतच नाही." गजराच्या पानावर 'पीएम'ची खूण आहे का बघा. असली तर गजर पहाटे नव्हे, संध्याकाळी वाजेल. आमच्या वडिलांची एक पाळी या खुणेपायी बुडाली होती आणि त्या दिवसाचा पगारही. तिसरी, "तारीख चुकली." या घड्याळाला लीप वर्ष कळत नाही, त्याचा फेब्रुवारी नेहमी २८ दिवसांचा. २०२४ सालच्या २९ फेब्रुवारीला ते एक दिवस पुढे गेले होते. २०२८ सालीही तसेच होईल. तारीख हाताने मागे घ्या.

सर्वांत महत्त्वाचे

मायबहिणींनो, हे नीट वाचा. हे चपटे सेल लहान मुले गोळीसारखी गिळतात. विशेषतः २० मिलिमीटरचा सेल अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांच्या आत आतून भाजल्यासारखी गंभीर जखम होऊ शकते आणि जीवही जाऊ शकतो. संपलेला सेलसुद्धा धोक्याचाच. मुलाने गिळला अशी नुसती शंका आली तरी वाट पाहू नका आणि उलटी करवू नका. सरळ मोठ्या दवाखान्यात न्या आणि "घड्याळाचा सेल गिळला आहे" हे शब्द पहिल्यांदा सांगा. काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि तो मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. उंबऱ्यात, खिडकीत टाकू नका.

या सगळ्याला लागते ते एक स्क्रू ड्रायव्हर, एक चिमटा आणि एक सेल. दुकानदाराशी आमचे भांडण नाही. पण "मशीन गेले" असे कुणी म्हणाले तर एकदा विचारा, "दादा, एसी करून पाहिले का?" एवढ्या प्रश्नानेच कितीतरी घड्याळे वाचतील.

आमची मुलगी आता कॉलेजात जाते. तिच्या मनगटावर आजोबांचे घड्याळ असते. पहाटे पाचला ते पिप् पिप् करते आणि सगळे घर जागे होते.