होमकमिंगची मिरवणूक माजी विद्यार्थ्यांचीच!

अमेरिकेतल्या हायस्कुलांमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे होमकमिंगचा, माजी विद्यार्थ्यांना शाळेत परत बोलावण्याच्या सोहळ्याचा हंगाम. बहुतेक ठिकाणी शुक्रवारी रात्री फुटबॉलचा सामना असतो आणि त्याआधी निघते मिरवणूक. मला सामन्यापेक्षा तीच जास्त आवडते. पुढे शाळेचा मार्चिंग बँड, मागे मुलांनी ट्रेलरवर सजवलेले चित्ररथ, उघड्या गाड्यांतून हात हलवणारे होमकमिंगच्या राजा-राणीपदाचे उमेदवार आणि कडेला खुर्च्या टाकून बसलेलं गाव.

प्रथा आली कॉलेजांतून. १९०९ मध्ये बेलर आणि १९१० मध्ये इलिनॉय विद्यापीठाने माजी विद्यार्थ्यांना परत बोलावलं. १९११ मध्ये मिझुरी विद्यापीठाचे क्रीडासंचालक चेस्टर ब्रूअर यांनी कॅन्ससविरुद्धच्या सामन्यासाठी ‘घरी या’ अशी हाक दिली. सामना ३-३ असा बरोबरीत सुटला! पहिलं कोण, हा वाद अजून चालतो. पण तिन्ही ठिकाणी बोलावणं होतं ते माजी विद्यार्थ्यांना, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं.

म्हणून न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियात हायस्कूल केलेल्या आपल्या मराठी मुलामुलींनो, नुसते कडेला उभे राहू नका. बऱ्याच शाळांत उत्तीर्ण होऊन दहा, पंचवीस, पन्नास वर्षं झालेल्या तुकड्या स्वतःचा रथ काढतात. काही ठिकाणी जुने वादक बँडमध्येही सामील होतात, तेव्हा माळ्यावरचा ट्रम्पेट उतरवा! रथासाठी आधी नोंदणी लागू शकते. शाळेच्या कार्यालयात किंवा माजी विद्यार्थी संघाकडे ऑगस्टमध्येच चौकशी करा, आणि तुमच्या तुकडीतल्या निदान चौघांना आजच फोन लावा.