ऐन कीर्तनात माईक का खरखरतो? दोष बऱ्याचदा मशीनचा नाही, मागच्या वायरचा!

सप्ताहात काल्याचं कीर्तन रंगात आलेलं असतं आणि माईक खरखरायला लागतो. साऊंडवाला पळत जातो, मिक्सरची पिन हलवतो. आवाज येतो, पण हात काढला की पुन्हा जातो. लोक म्हणतात, मशीन जुनं झालं. प्रत्यक्षात मशीन ठणठणीत असतं, फक्त पिन ढिली झालेली असते.

लग्नसराई आणि जत्रांच्या दिवसांत साऊंडवाल्याला जवळपास रोज पिना लावाव्या-काढाव्या लागतात. बऱ्याच मिक्सरचे सॉकेट आतल्या पातळ सर्किट बोर्डवर सोल्डर केलेले असतात. वायरला हिसका बसला की जोर थेट त्या सोल्डरवर येतो. एकदा तिथं चीर पडली की खरखर सुरू.

उपाय काय?

रॅकच्या पेटीत कनेक्टरचं वेगळं पॅनल बसवणं. रॅकचं पॅनल १९ इंच रुंद असतं आणि एका खणाची उंची पावणेदोन इंच. मिक्सर आणि पॅनल आतून एकदाच जोडायचे. मग बाहेरच्या सगळ्या पिना पॅनलला लागतात, मिक्सरला रोज हात लागत नाही. सॉकेट खराब झालंच तर दोन स्क्रू काढून बदलता येतं, मिक्सर उघडावा लागत नाही.

बसवताना

माईकच्या तीन पिनांच्या एक्सएलआर सॉकेटला साधारण २४ मिलिमीटरचं भोक लागतं. पॅनल पेटीतून बाहेर काढूनच भोक पाडावं. लोखंडाचा कीस मशीनमध्ये गेला तर शॉर्ट होतो. भोकाची धार कानशीनं घासून घ्यावी, नाहीतर वायरचं आवरण कापतं. जिथं वायर पत्र्यातून आरपार जाते तिथं रबरी वायसर घालावा.

जोडणी ठरलेली आहे. एक नंबरला वायरची जाळी, दोन नंबरला सरळ सिग्नल, तीन नंबरला उलटा सिग्नल. सोल्डर करण्याआधी आवरणाची नळी वायरवर चढवून ठेवावी, नंतर ती चढत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वायरचं वजन सोल्डरवर लटकू देऊ नये. पॅनलच्या मागं चार बोटांवर एक आडवी पट्टी लावून वायर तिला बांधावी. सॉकेटपाशी थोडी ढील ठेवावी. पट्टा करकचून आवळू नये, आतली तार चेपते.

लाईटची वायर पेटीच्या एका बाजूनं, माईकची दुसऱ्या बाजूनं न्यावी. दोन्ही शेजारी-शेजारी लांबवर गेल्या तर घुंघुं आवाज येऊ शकतो. ओलांडायचीच झाली तर काटकोनात ओलांडावी. स्पीकरसाठी फिरवून लॉक होणारं वेगळं सॉकेट ठेवावं. अॅम्प्लिफायरची स्पीकरची वायर चुकून माईकच्या सॉकेटला लागली तर मिक्सर जळू शकतो.

वायर गुंडाळणं

हात आणि कोपरावर आवळून गुंडाळलेल्या वायरला आतून पीळ बसतो आणि तार तुटते. मोठे, सैल वेढे घ्यावेत. एक वेढा सरळ, दुसरा उलटा घेतला की पीळ राहत नाही. हंगाम संपला की वायरी झाकणाच्या पेटीत ठेवाव्यात, उंदीर आवरण कुरतडतात. मंडपात वाटेवर आलेल्या वायरीवर रबरी पट्टी टाकावी.

इथं जिवाशी खेळ नको

घुंघुं आवाज घालवायला काही जण मशीनच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. आवाज जातो, पण मशीनच्या पत्र्यात करंट उतरला तर तो माईकच्या धातूपर्यंत येऊ शकतो. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या गायकाच्या हातात तोच माईक असतो! अर्थिंग कधीही तोडू नये. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावावा. गळती झाली की तो लाईन तोडतो.

सप्ताह समितीनं किंवा लग्नघरानं साऊंड ठरवताना नुसते बॉक्स किती हे विचारू नये. पेटी मागून बघावी. वायरी बांधलेल्या आहेत का, कुठं उघडी तार आहे का, प्लगला तिसरी पिन आहे का? एवढं बघायला पाच मिनिटं लागतात.