मुठीजवळचे दोन इंच

गंजून काळी पडलेली जुनी लष्करी संगीन हाती आली की आपली नजर आपसूक टोकाकडे जाते. जाणकार टोकाकडे ढुंकूनही बघत नाही. तो मूठ डाव्या हातात धरतो आणि मुठीला लागून असलेला, धार सुरू होण्याआधीचा पात्याचा जाडसर भाग खिडकीच्या उजेडात तिरका करतो. ते दोन इंच म्हणजे त्या हत्याराची जन्मपत्रिका. ती वाचता आली तर वस्तू कुठली, कधीची, कुणाच्या हाताखालून गेलेली हे सगळं कळतं. हौसेनं घासून टाकली तर हातात नुसता एक चकचकीत सुरा उरतो.

भिवंडीत हे मुद्दाम सांगायला हवं, कारण इथे घासायची साधनं पावलोपावली आहेत आणि हातही तयार आहेत. यंत्रमागाचे सुटे भाग घडवणारी वर्कशॉपं, ग्राइंडर, बफिंगचं चाक, पॉलिश पेपर, काही म्हणजे काही कमी नाही. भंगाराची गोदामंही आहेत. अशी वस्तू या भागात निघाली तर नवल वाटायचं कारण नाही. गावाला लागून गेलेला मुंबई–आग्रा रस्ता पुढे घाट चढून नाशिककडे, म्हणजे देवळालीच्या लष्करी छावणीकडे जातो. खाली कल्याणला दुसऱ्या महायुद्धात फौजांची मोठी छावणी होती. फाळणीनंतर तिच्याच बराकींत सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव पडलं. युद्ध संपल्यावर देशभर लष्करी सामान मोडीत निघालं. तंबू, बूट, पेट्या, पाण्याच्या बाटल्या आणि त्यांच्याबरोबर सुरे-संगिनीही बाजारात आल्या.

आपल्याकडे सापडण्याचा सर्वांत जास्त संभव असलेली संगीन ‘पॅटर्न १९०७’ या घराण्यातली. ब्रिटिशांच्या आखूड ली-एनफील्ड रायफलीसाठी ती १९०७ साली ठरवली गेली. तिचा आराखडा जपानी अरिसाका रायफलीच्या संगिनीवरून घेतला होता. पातं १७ इंच, म्हणजे जवळपास छोटी तलवारच. दोन्ही बाजूंना लांब पन्हळ, मुठीला स्क्रूनं बसवलेल्या दोन लाकडी फळ्या. सुरुवातीच्या नगांच्या आडपट्टीला खाली वळलेला आकडा असे. १९१३ मध्ये तो रद्द झाला आणि वापरातल्या बऱ्याच संगिनींवरचे आकडे कापून टाकले गेले. म्हणून आकडा शाबूत असलेला नग संग्राहकाला मोलाचा वाटतो, आणि म्हणूनच तो नकली जोडलेलाही सापडतो. पुढे पहिल्या महायुद्धात मुठीच्या मागच्या बोंडात एक बारीक आरपार भोक पाडायला सुरुवात झाली. खंदकातला चिखल रायफलीवर बसवायच्या खाचेत अडकायचा, तो त्यातून बाहेर निघावा म्हणून.

इंग्लंडात विल्किन्सन, सँडरसन, चॅपमन अशा कंपन्यांनी ती बनवली, ऑस्ट्रेलियात लिथगोनं. आपल्याकडे बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्यात ती घडली. तिच्यावर ‘आर.एफ.आय.’ ही अक्षरं असतात.

यानंतरची गोष्ट खास हिंदुस्थानी आहे, आणि मला तीच सगळ्यांत जास्त भिडते. दुसऱ्या महायुद्धात १७ इंचांचं पातं अडचणीचं ठरू लागलं. इथल्या कारखान्यांनी जुन्या संगिनी १२ इंचांवर कापल्या, त्यांना नवं टोक काढलं आणि त्या पुन्हा फौजेला दिल्या. जोडीला १२ इंचांच्या नव्याही बनवल्या. त्यांच्यात घाई दिसते. पन्हळ गाळलेली, पात्यावर काळा थर, आणि नंतरच्या नगांत तर मुठीचं बोंडही गोलाई न देता चौकोनीच सोडलेलं. काम इतकं वाढलं की लाहोरच्या नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या कार्यशाळेलाही त्यात हात घालावा लागला. ‘एन.डब्ल्यू.आर.’ हा ठसा तिचा. रेल्वेच्या कारागिरानं बनवलेलं हे हत्यार ओबडधोबड आहे म्हणून कमअस्सल ठरवणं मला पटत नाही. युद्धकाळात हा देश कसा राबत होता ते त्या न घासलेल्या कडांवर दिसतं.

कापलेली कोणती आणि मुळातच आखूड कोणती, हे ओळखायला पन्हळ पाहावी. कापलेल्या पात्यावर ती टोकाच्या अगदी जवळ जाऊन भिडते, कारण ती मूळ १७ इंचांच्या मापानं काढलेली असते.

आता ठसे. एका बाजूला मुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरं, बहुधा ‘जी.आर.’, आणि त्याखाली १९०७. नवखा माणूस इथेच फसतो आणि संगीन १९०७ सालची म्हणून मोकळा होतो. तो आकडा नमुन्याचा आहे. बनावटीची तारीख त्याच्या खाली असते, आधी महिना आणि मग वर्षाचे दोन आकडे. ५ आणि १७ असेल तर मे १९१७. त्याखाली कारखान्याचं नाव. पातं उलटं केलं की सरकारी मालकीचा बाण, तपासनिसांचे बारीक ठसे आणि एक फुली दिसते. पातं वाकवून पाहिलं आणि ते परत सरळ झालं, याची ती फुली साक्ष. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर तो माल सरकारनं रीतसर विकलेला. बोंडावर किंवा आडपट्टीवर कधी पलटणीची खूण आणि शस्त्रागाराचा क्रमांक मिळतो. तो मिळाला तर भाग्यच, कारण त्या खुणेमागे पलटणीचा इतिहास उभा असतो. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी १९४१ मध्ये एरिट्रियात केरनला आणि पुढे इटलीत लढल्या, तेव्हा हिंदी पायदळाच्या खांद्यावर मुख्यतः हीच ली-एनफील्ड रायफल होती. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे याच रेजिमेंटचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ते पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

हे ठसे गंजाखाली असतात, म्हणून दुरुस्तीला हात घालताना पहिलं काम थांबण्याचं. फोटो काढावेत, लांबी-रुंदी मोजून लिहून ठेवावी. मग मऊ ब्रशनं सुटी माती आणि भुगा झाडावा. त्यानंतर तेल. भिवंडीत मागाला घालायचं पातळ स्पिंडल तेल कुठेही मिळतं, ते या कामाला उत्तम. त्यात भिजवलेली चिंधी पात्यावर गुंडाळून दोन-चार दिवस तशीच ठेवावी. तांबूस गंज सैल होतो. मग लाकडाची किंवा बांबूची चपटी काडी घेऊन तो हलक्या हातानं, लांबीच्या दिशेनं खरवडावा. जिथे अडेल तिथे पुन्हा तेल, पुन्हा वाट पाहणं. अगदी शेवटी सर्वांत बारीक स्टील वुल तेलात बुडवून, बोटानं जेमतेम दाब देत फिरवावं. मुकुटाची एक कड आधी दिसते, मग आकड्याचं पोट, मग नावातलं एखादं अक्षर. तांबूस गंज गेल्यावर खाली घट्ट बसलेला काळा थर लागला की हात आवरावा. तो थर पोलादाला धरून असतो, खाणारा नसतो.

चिंच, लिंबू, व्हिनेगर यांनी गंज झटपट जातो खरा, पण आम्ल ठशांच्या कडाही खातं आणि पातं मेलेल्या राखाडी रंगाचं होतं. पॉलिश पेपर नको, बफिंगचं चाक तर नकोच. धार लावायची नाही. मुठीचे स्क्रू अडले असतील तर बेतानं तेल सोडावं आणि खाचेत नेमका बसेल असाच पेचकस वापरावा. फळ्यांचं लाकूड तासू नये, त्यावरही ठसे असू शकतात. कोरड्या कापडानं पुसून जवसाच्या तेलाचा एक पुसट हात पुरे.

पावसाळ्यात मात्र खरी कसोटी. खाडीच्या बाजूची दमट हवा उघड्या पोलादाला आठवड्यात पुन्हा रंग चढवते. संग्रहालयांत वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण मिळालं तर त्याचा पातळ थर द्यावा, नाहीतर तेलाचा हात दर महिन्याला. आणि पातं चामड्याच्या म्यानात घालून कधीच ठेवू नये. चामडं ओल धरतं आणि कमावताना त्यात मुरलेली द्रव्यं लोखंडाला खातात. म्यान वेगळं, पातं वेगळं, दोन्हींच्या चिठ्ठ्या मात्र एकत्र.

एक गोष्ट विकत घेण्याआधीच पाहायची. शस्त्र नियम २०१६ च्या यादीत संगिनीचं नाव स्पष्ट आहे. त्याच नोंदीत नऊ इंचांहून लांब पात्याचे, घरगुती किंवा शेतीकामाचे नसलेले सुरेही येतात. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४ ची अधिसूचना जिथे लागू असेल तिथे अशा वस्तूला परवाना लागतो. तेव्हा आपल्या पोलीस ठाण्यात विचारून, लेखी घेऊन मगच ती घरात आणावी, आणि पिशवीत घालून गावभर दाखवत फिरू नये. पलटणीची खूण निघाली तर ठशांचे फोटो आणि वस्तू कुठून आली याची नोंद बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राला किंवा संबंधित रेजिमेंटला पाठवता येते. नोंद करताना विकणाऱ्यानं सांगितलेली हकीगत आणि पात्यावर प्रत्यक्ष वाचलेलं, हे दोन वेगळ्या रकान्यांत लिहावं.