चाळीस मीटरला एक सेंटीमीटर!

मुंबईहून किंवा गोव्याहून निघालेली गाडी हजरत निजामुद्दीन स्टेशनात शिरते. सामान सांभाळत, रिक्षावाल्यांशी घासाघीस करत प्रवासी दिल्लीच्या गर्दीत मिसळतात. लाल किल्ला, कुतुबमिनार, मग चांदनी चौकातली खरेदी... या स्टेशनापासून अगदी जवळ, उंच भिंतींच्या आड साडेचारशे वर्षांपूर्वीची एक बाग आहे, हे अनेकांच्या गावीही नसते. हुमायूनचा मकबरा पाहायला आवर्जून जाणारेसुद्धा घुमटाचा फोटो काढून परततात. बागेकडे कोण बघतो? खरे नवल मात्र तिथेच आहे.

भिंतीने वेढलेल्या जागेसाठी प्राचीन इराणी भाषेत जो शब्द होता, त्यातूनच ‘फिरदौस’ हा शब्द आला आणि इंग्रजीतला ‘पॅराडाइज’ही. स्वर्ग म्हणजे भिंतीआडची बाग! बाहेर धूळ आणि रखरखाट, आत सावली, फळे आणि वाहते पाणी. ही आवड बाबर हिंदुस्थानात घेऊन आला. त्याचा मुलगा हुमायून १५५६ मध्ये जिन्यावरून पडून वारला. पुढे १५७० च्या सुमारास त्याचा मकबरा उभा राहिला, तो अशाच बागेच्या मधोमध. तिन्ही बाजूंना भिंती आणि चौथीकडे तेव्हा यमुनेचे पात्र. नदी नंतर दूर सरकली.

या बागेला म्हणतात चारबाग. चार मोठे भाग, प्रत्येकाचे पुन्हा नऊ चौकोन, म्हणजे एकूण छत्तीस. मधल्या चार चौकोनांवर मकबऱ्याचा चौथरा. चौकोनांच्या मधून वाटा आणि वाटांच्या मधून अरुंद पाट. छत्रपती संभाजीनगरचा बिबी का मकबरा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल. तो सुमारे नव्वद वर्षांनंतरचा, पण घराणे एकच.

इमारत दगडाची असते, ती दुर्लक्ष सोसते. बागेचे तसे नाही. पाणी थांबले की बाग संपते. मोगल सत्ता खिळखिळी झाली आणि इथे भाजीपाला पिकू लागला. १८५७ च्या सप्टेंबरात शेवटचा बादशहा बहादूरशाह जफर पूर्वजाच्या याच मकबऱ्याच्या आश्रयाला आला आणि इथेच इंग्रजांच्या हाती लागला. त्यानंतर साहेबांनी चौकोनी हौदांच्या जागी आपल्या पद्धतीची गोल फुलवाफे केले! विसाव्या शतकाच्या आरंभी, कर्झनच्या काळात, मूळ आराखडा शोधून तो पुन्हा आखला गेला.

मग आले १९४७. फाळणीच्या दंगलीत घरदार सुटलेले हजारो जीव या भिंतींच्या आत आले. ज्यांना चूल कुठे पेटवायची आणि लेकराला कुठे निजवायचे याची भ्रांत, त्यांनी वाफे आणि पाट जपावेत असे कोण म्हणेल? काही वर्षे इथे निर्वासितांची छावणी होती. बाग तुडवली गेली, पाट फुटले, इमारतीचेही नुकसान झाले. पण त्या दिवसांत या भिंतींनी माणसे जगवली, हेही तितकेच खरे. स्वर्ग नव्हे, पण आसरा नक्कीच मिळाला.

१९९३ मध्ये मकबरा जागतिक वारसा यादीत आला. भारताच्या स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आगाखान यांनी बागेचे पुनरुज्जीवन ही भेट देऊ केली. आगाखान ट्रस्ट फॉर कल्चर आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून २००३ मध्ये हे काम पुरे केले.

काम तरी केवढे! बागेचा विस्तार सुमारे बारा हेक्टर, म्हणजे तीस एकर. वर्षानुवर्षे साचलेली सुमारे तीन हजार ट्रक माती बाहेर काढली. तेव्हा कुठे वाटा आणि हिरवळ यांची मूळची पातळी साधता आली. साठ पाथरवटांनी दोन हजार मीटर लांबीचा लाल दगड हाताने घडवला. आंबा, लिंबू, कडुनिंब, जास्वंद अशी अडीच हजारांहून अधिक झाडे-रोपे लावली.

सगळ्यात अवघड होते पाणी. पाटांना उतार द्यायचा तो किती? चाळीस मीटरला अवघा एक सेंटीमीटर! जास्त दिला तर पाणी धावत सुटणार, थोडा चुकला तर मधेच तुंबणार. बोटाच्या रुंदीएवढा फरक शंभराहून अधिक फुटांवर सांभाळायचा, तोही जड दगड बसवताना. हे जमले, म्हणूनच पाटांतले पाणी केवळ उताराच्या जोरावर पुढे सरकते.

पण दिल्लीसारख्या तहानलेल्या शहरात एवढ्या बागेला पाणी आणायचे कुठून? त्याचे उत्तर जुनेच होते. बुजलेल्या विहिरी उपसून साफ केल्या. पावसाचे पाणी वाहून न जाता जमिनीत मुरावे, म्हणून १२८ शोषखड्डे खणले. जमिनीकडून घ्यायचे ते जमिनीला परतही द्यायचे, असा हा हिशेब.

सहकुटुंब जायचे असेल, तर सकाळी लवकर जावे. पश्चिमेच्या दरवाजातून आत शिरताच कमानीच्या चौकटीत मकबरा उभा दिसतो. तिथून थेट पायऱ्यांकडे धावू नये. एखाद्या पाटाच्या काठाने सावकाश चालावे आणि पाणी सोडलेले असेल तर मुलांना एखादे वाळके पान त्यावर सोडू द्यावे. पान हलते आहे की नाही, असा आधी संशय येतो. मग ते हळूच पुढे सरकते.

पाटात गाळ साचू न देणे, सुकलेल्या झाडाच्या जागी दुसरे लावणे, हे काम २००३ मध्ये संपलेले नाही. ते रोजचे आहे आणि रोज कुणीतरी करते, म्हणून बाग आहे.